नाटक तिला निवडू द्या

पत्र (थोडक्यात): मी फलटण तालुक्यातला, वय 54. चार एकर बागायत आणि दोन गाई आहेत, दोन्ही वेळचं मिळून 24 लिटर दूध जातं, फॅट 3.8 च्या खाली येत नाही. पत्नी पुढच्या महिन्यात 50 वर्षांची होते आहे. लग्नाआधी ती पुण्यात मामाकडे राहून शिकली, तेव्हा कॉलेजच्या नाटकात काम करायची. पुरुषोत्तमला कुठलीतरी भूमिका केली होती, असं मेहुणा सांगतो. लग्नाला 27 वर्षं झाली. या काळात पुण्याला पुष्कळदा गेलो, पण दवाखाना, कुणाचं लग्न नाहीतर मुलीचं ॲडमिशन, याखेरीज कधी नाही. आता तिला न सांगता बालगंधर्वला नाटकाला न्यायचं ठरवलंय. गुडघा दाखवायचाय असं सांगून बाहेर काढीन. येताना कोथरूडला बहिणीकडे जेवण आणि जमलं तर ठिबकचं थोडं सामान. कुठलं नाटक घेऊ? दुपारचं की रात्रीचं? मी पहाटे चारला उठतो, अंधारात बसलं की डोळा लागतो, तिथे हसू होईल का? जुनं आठवून तिला वाईट वाटलं तर काय करायचं? आणि नेहरू शर्टच घालावा लागतो का?

उत्तर:

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून छान वाटलं आणि मग थोडा रागही आला. रागाचं आधी सांगते, बसच्या वेळा नंतर बघू.

गाईंच्या दुधाचा हिशोब तुम्ही फॅटसकट लिहिलात. बायकोने केलेली भूमिका मात्र 'कुठलीतरी', आणि तीसुद्धा मेहुण्याच्या तोंडून कळलेली. 27 वर्षांत तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत, की ती सांगत होती आणि तुमचं लक्ष धारेकडे होतं, हे मला माहीत नाही. पण तिकीट काढायच्या आधी हे काम करा. आज रात्री जेवणं आटोपल्यावर विचारा: नाटक कोणतं होतं, तू कोण होतीस, बरोबर कोण कोण होतं, तालमी कुठे व्हायच्या. 'कशाला आता ते' असं म्हणाली तर एकदा सोडून द्या आणि दोन दिवसांनी परत विचारा.

पुरुषोत्तम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुण्यात कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते, तिचा हा करंडक. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात या एकांकिका होतात. पावसाचे दिवस, कॉलेजच्या वर्गात नाहीतर पार्किंगमध्ये रात्री उशिरापर्यंत तालमी, घरच्यांची बोलणी, आणि प्रयोगाच्या दिवशी खच्चून भरलेल्या नाट्यगृहात 'अरे आव्वाज कुणाचा' अशा आरोळ्या. आज मराठी नाटक-सिनेमात नाव असलेले कितीतरी जण त्याच रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहिले. तिथे नुसतं पडदा ओढायला उभी राहिलेली मुलगीसुद्धा पुढे जन्मभर ते विसरत नाही. तुमच्या घरात अशी एक बाई आहे, आणि तिच्यासाठी नाटक कुठलं घ्यावं हे तुम्ही मला विचारताय!

तेव्हा पहिला सल्ला: गुपचूप नेऊ नका.

गुडघ्याचं कारण सांगितलंत तर काय होईल ते बघा. ती आदल्या दिवशी तुमचे जुने एक्स-रे शोधून पिशवीत घालील. डबा करील, कारण दवाखान्यात किती वेळ जाईल याचा नेम नसतो. साडी नेसेल ती एसटीत चुरगळली तरी चालेल अशी. रस्ताभर तुमच्या गुडघ्याची काळजी करील. आणि मग अचानक जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्वच्या पायऱ्यांपाशी, हातात डब्याची पिशवी आणि पायात रोजच्या चपला, अशी ती उभी असेल. आजूबाजूला नटूनथटून आलेल्या बायका. ती हसेल, तुमचं मन मोडणार नाही. पण मी तिच्या जागी असते तर मनातल्या मनात तुम्हाला दोन शब्द सुनावले असते. शिवाय दोन-तीन आठवडे आधी कळलं, तर तेवढे दिवस वाट बघण्याचं सुखही तिला मिळतं. कुठली साडी, कुठल्या मैत्रिणीला फोन करून सांगायचं, कुणाचं नाटक, या सगळ्यावर तिचा हक्क आहे. तो तुम्ही एका गमतीपायी काढून घेताय.

तिला सरळ सांगा: 'तुझ्या पन्नाशीला आपण दोघंच पुण्याला नाटकाला जाऊ. नाटक तू निवड, मला त्यातलं कळत नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका.

निवडायचं कसं, तर पुणे आवृत्तीच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येतात. तुमच्याकडे ती आवृत्ती येत नसेल तर फोनवर तिकिटालय किंवा बुक माय शो उघडून तिच्या हातात द्या. बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लागतात. नाटकाची सवय असलेलं माणूस जाहिरात वेगळीच वाचतं. आपण नटाचा फोटो बघतो, ते लेखक-दिग्दर्शकाचं नाव बघतात, कितवा प्रयोग आहे ते बघतात. तिला हलकंफुलकं हवं असेल, गंभीर हवं असेल, कदाचित एखादं जुनं संगीत नाटक बघावंसं वाटेल. ती असंही म्हणेल की मला बालगंधर्व नकोच, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर एखादं प्रायोगिक नाटक लागलंय ते बघू. जा. शंभर-दीडशे माणसांत, नटांच्या अगदी जवळ बसून नाटक बघण्याची मजा निराळी असते. तुम्हाला अर्धं कळलं नाही तरी बिघडत नाही, येताना बसमध्ये तीन तास आहेत, ती समजावून सांगेल.

एवढं मात्र खरं, की नाट्यगृह निवडायची मोकळीक दिली तर बहुतेक जण बालगंधर्वच म्हणतात, आणि ते योग्यही आहे. या जागेचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हातून 1962 साली झालं. 1968 साली रंगमंदिर उघडलं तेव्हा ते हयात नव्हते. गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं तिथे आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. दोन्ही नीट बघा, घाई करू नका. शालूच्या काठावरची जर बघून तुमच्या सौ. काहीतरी बोलतील, ते ऐका.

आता वेळ. पुण्यात नाटकाचे प्रयोग साधारण दुपारी 12.30, संध्याकाळी 5 ते 5.30 आणि रात्री 9.30 असे लागतात. तुमच्या दृष्टीने रात्रीचा बाद. तो सुटेपर्यंत मध्यरात्र होते आणि मग बहिणीकडे मुक्काम आलाच. संध्याकाळचा सव्वाआठच्या सुमाराला सुटतो, स्वारगेट गाठेपर्यंत नऊ, आणि जेजुरी-लोणंद करत घरी पोचेपर्यंत बारा वाजून जातील. पुन्हा चारला उठायचं. तुम्ही उठालही, पण दुसऱ्या दिवशी चिडचिड कराल आणि ती तिच्याच वाट्याला येईल. म्हणून 12.30 चा घ्या.

त्या दिवशी सकाळची धार काढून, दूध डेअरीला घालून, सात-साडेसातची स्वारगेट गाडी धरा. रस्ता 110 किलोमीटरच्या आसपास आहे, पण सासवडपासून पुढे आणि हडपसरला गर्दी लागते, तेव्हा तीन तास धराच. एसटीत तिचं तिकीट अर्धं, तुमचं पूर्ण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. येतानाचं आरक्षण मात्र आधी करून ठेवा. रविवारी संध्याकाळी स्वारगेटला उभं राहून गाडी पकडायची म्हणजे सगळ्या दिवसाची चव जाते.

स्वारगेटला उतरलात की रिक्षावाल्याशी हुज्जत नको, स्टँडला लागूनच भुयारी मेट्रो आहे. मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जायचं, तिथे वनाजकडे जाणारी गाडी धरायची आणि दुसऱ्याच स्थानकावर, छत्रपती संभाजी उद्यानला उतरायचं. तिथून बालगंधर्व चालत काही मिनिटांवर. तुमच्या सौ. शिकत होत्या तेव्हा हे काहीच नव्हतं. भुयारातून मुठेच्या काठावर येईपर्यंत आपण नक्की कुठे आहोत हे त्यांनाही चटकन उमगायचं नाही. एवढा एक अर्धा तास तुम्ही दोघं सारखेच परगावचे.

तिकिटं तीनशे-चारशेपासून पुढे, गाजलेल्या नाटकाला 500 पर्यंत किंवा थोडी जास्त, बाल्कनी स्वस्त. अगदी पहिल्या रांगेचा हट्ट नको, मान वर करून बसावं लागतं. पाचवी ते दहावी रांग उत्तम, तिथून चेहरे नीट दिसतात. पैसे वाचवायला बाल्कनी घेऊ नका. ज्या बाईने रंगमंचावर काम केलंय तिला नटाचे डोळे दिसले पाहिजेत. एसटी, मेट्रो, तिकिटं, खाणं धरून दीड-दोन हजारांत दिवस होतो. सकाळी निघण्याआधी प्रयोग आहे ना, याची ॲपवर नाहीतर जाहिरातीतल्या नंबरवर खात्री करा. नट आजारी पडला की प्रयोग रद्द होतो, आणि ते फलटणहून निघायच्या आधी कळलेलं बरं.

झोपेचं. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाने भर दुपारी गार हवेत, अंधारात, मऊ खुर्चीवर बसायचं म्हणजे डोळा लागणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त नाटकाआधी थाळी जेवू नका. पुरणपोळी, आमरस असलं काही तर मुळीच नको. अकराच्या सुमाराला इडली किंवा पोहे, वर एक कॉफी, बास. आदल्या रात्री नऊला आडवे व्हा. बाजूची, म्हणजे वाटेलगतची खुर्ची तुम्ही घ्या. बायकोला आधीच सांगून ठेवा की मान कलली तर राहू दे, घोरायला लागलो तर कोपर मार. पहिल्या अंकात डुलकी लागली तरी मध्यंतरात बटाटावडा आणि चहा झाला की दुसरा अंक तुम्ही पूर्ण बघाल. नाट्यगृहाच्या मध्यंतरातला वडा चुकवायचा नसतो. घंटा वाजेपर्यंत रांगेत नंबर लागत नाही, म्हणून पडदा पडल्या पडल्या तुम्ही उठा. या कामाला वाटेलगतची खुर्ची उपयोगी पडेल.

जेवण नाटकानंतर. तीन-साडेतीनला थाळीची ठिकाणं बंद होत आलेली असतात, तेव्हा त्यांच्या मागे लागू नका. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीला जा, नाहीतर गुडलक चौकात बनमस्का आणि चहा घ्या. तिचं कॉलेजच्या वेळचं एखादं ठरलेलं ठिकाण असेल तर तिथे जा, ते बंद पडलेलं निघालं तरी हरकत नाही. भरत नाट्य मंदिर बाहेरून बघून यायचं का, हे तुम्ही सुचवू नका. तिने नाव काढलं तर लगेच रिक्षा करा, आणि नाही काढलं तर तो विषय तिथेच संपला.

आता कोथरूडच्या बहिणीकडे येते. जाऊ नका.

मला माहीत आहे, हे लिहायला सोपं आणि करायला अवघड आहे. पुण्यात येऊन घरी आला नाहीत, हा आपल्याकडे लहानसहान गुन्हा नाही. पण बहिणीकडे जेवायला गेलात की तुमची बायको पुन्हा वहिनी होते. पदर खोचून स्वयंपाकघरात जाते, पोळ्या लाटू लागते, भाच्याच्या नोकरीची चौकशी करते. तुम्ही मेहुण्यांबरोबर बाहेर टीव्हीसमोर. मग नाटकाबद्दल बोलणार कधी? ठिबकचं सामानही नको. सिंहगड रस्त्याला एक दुकान आहे, तिथून पटकन घेऊन येतो, हे 'पटकन' प्रत्येक बायकोने ऐकलेलं असतं.

बहिणीपासून लपवूही नका. फोटो स्टेटसला जाईल आणि अर्ध्या तासात फोन येईल. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः फोन करा. तुम्ही स्वतः, बायकोला करायला लावू नका. 'ताई, रविवारी आम्ही दोघंच नाटकाला येतोय, या वेळी घरी यायला जमणार नाही, गौरीला येऊ.' रुसली तर तुमच्यावर रुसेल, भावजयीवर नाही. हा रुसवा तुम्ही अंगावर घेणं, हाही त्या दिवसाच्या खर्चातलाच एक आकडा आहे.

हीच गोष्ट आईंच्या बाबतीत. घरी आई असतील असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही, पण असल्या तर परवानगी म्हणा, माहिती म्हणा, ती तुमच्याच तोंडून गेली पाहिजे. आणि संध्याकाळची धार. नाटक तीनला सुटलं, खाऊन-फिरून सहाची बस धरली तरी नऊ वाजणार. गाई तेवढं थांबायच्या नाहीत, कासेला त्रास होतो, हे मी तुम्हाला काय सांगू. पुतण्याला किंवा शेजारच्या पोराला आठवडाभर आधी दोन-चारदा तुमच्याबरोबर धारेला बसवा, म्हणजे गाई त्याला ओळखतील आणि पान्हा चोरणार नाहीत. हे नीट लावून ठेवलं नाहीत तर मध्यंतरात तुम्ही वडा खायचा सोडून फोनवर 'लाल गाय उभी राहिली का' विचारत बसाल.

तुमचा सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही शेवटाकडे लिहिलाय. तिला वाईट वाटलं तर?

वाटेल कदाचित. 22 वर्षांची असताना आपण जे करत होतो, ते दुसरं कुणीतरी आपल्यासमोर दिव्यांत उभं राहून करतंय, हे बघताना माणसाच्या पोटात तुटतं. तिने लग्नामुळे सोडलं, की तसंही पुढे जमलं नसतं, की तिलाच नको होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि मला तर नाहीच. म्हणून तुम्ही आधीच अपराधी चेहरा करून बसू नका. ती रडली तर रुमाल द्या. लोक बघतायत, असं म्हणू नका. नाटकाला आलेली माणसं रडणाऱ्याकडे बघत नाहीत. 'तूच यांच्यापेक्षा चांगलं केलं असतंस' हेही नको. तुम्ही तिचं काम पाहिलेलं नाही, तिला ते पोकळ वाटेल. त्यापेक्षा विचारा, 'तो मागे वळला आणि एकदम दिवे बदलले, ते कसं करतात?' दिवे कोण देतं, विंगेत कोण उभं असतं, वाक्य विसरलं तर काय करतात, असले साधे प्रश्न. त्यांची उत्तरं तिच्याकडे आहेत, आणि कुणी विचारलेली तिला बरीच वर्षं आठवत नसतील.

बसमध्ये ती गप्प राहिली तर गप्प राहू द्या. कसं वाटलं, आवडलं ना, पैसे वसूल झाले ना, अशी उलटतपासणी नको. जेजुरीच्या अलीकडे-पलीकडे आपणहून बोलेल. नाही बोलली तर दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना बोलेल. तेव्हा तुम्ही गोठ्यात असू नका.

समजा ती म्हणाली, मला परत काहीतरी करायचंय. गावच्या शाळेत मुलांचं नाटक बसवायचंय, हौशी राज्य नाट्य स्पर्धेत कुणाच्या संघात जायचंय. तर 'या वयात?' हा शब्द गिळा. तालमी संध्याकाळीच असतात, म्हणजे धारेची सोय आणखी काही दिवस लागेल. पुतण्याला शिकवून ठेवलंच आहे.

नेहरू शर्ट लागत नाही. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट-पँट पुरे. ती नवी साडी नेसणार असेल तर तुम्हीही शेतातल्या चपला घरी ठेवा. तिसरी घंटा व्हायच्या आत जागेवर बसा, उशीर झालाच तर वाकून जा. मोबाईल सायलेंट नको, बंद करा. डेअरीवाल्याला आणि पुतण्याला आधी सांगून ठेवा की साडेबारा ते तीन फोन लागणार नाही.

नाटक कोणतं ठरलं आणि तिची भूमिका कोणती होती, ते दोन ओळीत कळवा.